केंब्रिजच्या बायका: पन्नास वर्षं की दीडशे?

1998 साली केंब्रिज विद्यापीठाने बायकांना पदवी मिळू लागल्याची 50 वर्षं साजरी केली. 2019 साली त्याच केंब्रिजमध्ये बायकांच्या शिक्षणाची 150 वर्षं साजरी झाली. मध्ये गेली एकवीस वर्षं आणि इतिहास वाढला शंभर वर्षांनी. हिशेब चुकलेला नाही. पहिला समारंभ 1948 पासून मोजलेला, दुसरा 1869 पासून. दोन्ही तारखा खऱ्या आहेत.

या दोन तारखांमध्ये 79 वर्षांचं अंतर आहे. तेवढा काळ बायका तिथे राहत होत्या, व्याख्यानांना बसत होत्या, मुलांच्याच प्रश्नपत्रिका सोडवत होत्या, अधूनमधून मुलांच्या वरचा नंबरही काढत होत्या. तरीही कागदोपत्री त्या विद्यापीठाच्या कुणीच नव्हत्या. शिकू दिलं, परीक्षेला बसू दिलं, गुण दिले, मग पदवी देताना हात का आखडला? ‘त्या काळी बायकांच्या बुद्धीवर विश्वास नव्हता’ हे उत्तर पटकन सुचतं, पण ते अर्धंच आहे, आणि 1890 नंतर तर ते टिकतच नाही. खरी अडचण समजून घ्यायची तर आधी केंब्रिजची पदवी ही काय चीज होती ते पाहायला हवं.

पदवीसोबत मत

केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याला प्रवेश देतं ते कॉलेज. राहणं, जेवणखाण, रोजची शिकवणी हे सगळं कॉलेजचं. विद्यापीठाकडे परीक्षा आणि पदव्या. परीक्षा पास झाली की बीए. त्यानंतर काही वर्षं गेली की पुन्हा परीक्षा न देता, नुसती फी भरून, एमए. हे एमए म्हणजे जास्तीचा अभ्यास नव्हे. ते सभासदत्व होतं. एमए झालेला माणूस विद्यापीठाच्या सिनेटचा आजन्म सदस्य होई आणि विद्यापीठाच्या कारभारातल्या कुठल्याही ठरावावर मत देऊ शके. मग तो केंब्रिजात राहत असो की कुठल्या आडगावात पाद्री असो.

आपल्याकडे मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या सिनेटवर पदवीधरांचे मोजके प्रतिनिधी निवडून जातात. तिथे प्रत्येक एमए स्वतःच सिनेट होता. देशभर पसरलेले हजारो पाद्री, वकील, शाळामास्तर, जमीनदार हे सगळे केंब्रिजचे मालक होते म्हटलं तरी चालेल. अशा ठिकाणी बाईला बीए द्यायचं, तर उद्या तिला एमए द्यावं लागणार, आणि परवा ती अभ्यासक्रमापासून पैशांपर्यंत सगळ्यावर मत देणार. भांडण ज्ञानाचं कमी आणि सातबाऱ्याचं जास्त होतं.

जिथे पदवीसोबत असा मालकी हक्क येत नव्हता, तिथे हे काम बरंच लवकर झालं. लंडन विद्यापीठाने 1878 साली बायकांना पदव्या खुल्या केल्या. कलकत्ता विद्यापीठातून 1883 साली कादंबिनी बसू (पुढे डॉक्टर झालेल्या कादंबिनी गांगुली) आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाने त्याच सुमाराला दार उघडलं आणि त्याच दशकात नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर बाई ठरल्या. म्हणजे ज्या काळात भारतातल्या मुलींना विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळत होती, त्या काळात केंब्रिजच्या मुलींना ती मिळायला आणखी साठेक वर्षं अवकाश होता. याचा अर्थ कलकत्ता-मुंबईचा समाज जास्त पुढारलेला होता असा नाही. 1857 साली स्थापन झालेली ही विद्यापीठं मुख्यतः परीक्षा घेणारी होती. पदवी म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला, एवढाच मामला. शेकडो वर्षांच्या मिरासदारीला धक्का लागायची भीती तिथे नव्हती.

गावाबाहेरचं घर आणि गावातलं घर

केंब्रिजमधल्या बायकांच्या शिक्षणाची सुरुवात केंब्रिजमध्ये झालीच नाही. ऑक्टोबर 1869 मध्ये एमिली डेव्हिस आणि बार्बरा बोडिशाँ यांनी हिचिन नावाच्या गावात भाड्याच्या घरात कॉलेज सुरू केलं. विद्यार्थिनी पाच. हिचिन केंब्रिजपासून पंचवीसेक मैलांवर. शिकवणारे केंब्रिजहून आगगाडीने यायचे आणि तास घेऊन परत जायचे. इतक्या लांब का? तरण्या मुलांच्या गावात तरण्या मुली ठेवल्या अशी बोंब उठली असती तर कॉलेज जन्मतःच बुडालं असतं म्हणून. पुढे 1873 मध्ये ते केंब्रिजच्या जवळ, पण तरी गावाबाहेरच, गर्टन या खेड्यात आलं आणि गर्टन कॉलेज झालं.

दुसरं घर मात्र थेट शहरात उभं राहिलं. पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेले हेन्री सिजविक यांनी 1871 मध्ये केंब्रिजच्या रीजंट स्ट्रीटवर एक घर घेतलं, अ‍ॅन क्लफ यांना तिथे प्रमुख म्हणून आणलं, आणि तिथेही सुरुवात पाच विद्यार्थिनींनीच झाली. हेच पुढचं न्यूनम कॉलेज.

दोन्ही कॉलेजांचं ध्येय एक, पण पटत अजिबात नव्हतं. मुलांना ट्रायपॉस, म्हणजे पदवीच्या मुख्य परीक्षेआधी एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागे. त्यात ग्रीक आणि लॅटिन सक्तीचं. बड्या शाळांतल्या मुलांना या भाषा लहानपणापासून घोटून घेतलेल्या असत. मुलींच्या शाळांत ग्रीकचा पत्ताच नसे. सिजविक म्हणत, ही सक्तीच मुळात जुनाट आहे, आम्ही ती मुलांसाठीही काढून टाकायला बघतोय, मग मुलींच्या गळ्यात ती कशाला बांधायची? त्यांना जमेल ते, जमेल तेवढ्या वेळात शिकू द्या. एमिली डेव्हिस यांना हे विष वाटे. त्यांचं म्हणणं असं की सवलत घेतली की लोक म्हणणार, ‘बायकांची परीक्षा वेगळी, बायकांची पदवी वेगळी, म्हणजे हलकी.’ परीक्षा चांगली असो वा वाईट, मुलांची आहे तीच हवी, तितक्याच मुदतीत हवी.

सिजविक यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं यात शंकाच नाही. तरी माझं मत एमिलीबाईंच्या पारड्यात पडतं. वीस वर्षांनंतर केंब्रिजला जे आकडे नाकारता आले नाहीत ते तुलना करता येण्याजोगे होते, कारण बाईंनी हट्ट सोडला नव्हता.

सुरुवातीच्या परीक्षा म्हणजे निव्वळ कृपेचा मामला होता. विद्यापीठ बायकांना ओळखतच नव्हतं, त्यामुळे एकेका परीक्षकाला खासगीत विनंती करायची. त्याने हो म्हटलं तर मुलींनी परीक्षेच्या हॉलपासून दूर बसायचं, प्रश्नपत्रिका माणसाकरवी यायची, त्यांनी ती त्याच वेळेत सोडवायची. निकाल तोंडी कळायचा. गर्टनच्या सारा वुडहेड, रेचल कुक आणि लुइसा लम्सडेन अशा पद्धतीने पहिल्यांदा ट्रायपॉसला बसल्या. न्यूनमच्या पहिल्या पाचांतल्या मेरी पेली 1874 मध्ये बसल्या. त्यांना पहिला वर्ग द्यायचा की दुसरा यावर चार परीक्षकांत दोन-दोन अशी फूट पडली. या मेरी पेलींचं नाव लक्षात ठेवा, त्यांच्या नवऱ्याचा विषय पुढे यायचा आहे.

‘गर्टनची स्कॉट!’

गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांतल्या पहिल्याला सीनिअर रँग्लर. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ‘रँग्लर परांजपे’, ‘रँग्लर महाजनी’ ही नावं आपल्याकडे तशीच रुळली आहेत. त्या काळी रँग्लरांची नावं क्रमाने, सिनेट हाउसमध्ये, खच्चून भरलेल्या गर्दीसमोर वाचली जात.

1880 साली गर्टनच्या शार्लट अ‍ॅंगस स्कॉट यांचे गुण आठव्या रँग्लरइतके भरले. बातमी आधीच फुटली होती, पण यादीत बाईचं नाव घेणं नियमात नव्हतं. आठव्या नंबराच्या मुलाचं नाव पुकारायची वेळ आली आणि गर्दीतली मुलंच ‘गर्टनची स्कॉट! गर्टनची स्कॉट!’ असा घोष करत टोप्या उडवू लागली. हे दृश्य मला फार आवडतं, कारण पुढच्या प्रकरणात हीच जमात वेगळ्या रूपात दिसणार आहे.

या निकालाने वातावरण फिरलं. सह्यांची मोहीम झाली आणि 24 फेब्रुवारी 1881 रोजी सिनेटने 398 विरुद्ध 32 अशा मोठ्या फरकाने ठराव केला: यापुढे गर्टन आणि न्यूनमच्या विद्यार्थिनी हक्काने ट्रायपॉसला बसतील, त्यांची वेगळी यादी लागेल, मुलांच्या यादीत त्या कितव्या आल्या असत्या तेही त्यात लिहिलं जाईल, आणि त्यांना प्रमाणपत्र मिळेल. पदवी नाही. बत्तीस लोकच का विरोधात गेले याचं उत्तर याच शेवटच्या दोन शब्दांत आहे. मत जात नव्हतं, मग हरकत कसली?

स्वतः स्कॉट यांनी पदवी घेतली ती लंडन विद्यापीठाची, आणि 1885 मध्ये त्या अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात गणित शिकवायला निघून गेल्या.

परीक्षा खुली झाली तरी बाकीचं सगळं शिकवणाऱ्याच्या मर्जीवर होतं. व्याख्यानाला बसू द्यायचं की नाही ते प्राध्यापकाने ठरवायचं. प्रयोगशाळेत जागा मिळण्याची मारामार, म्हणून 1884 मध्ये दोन्ही कॉलेजांतल्या मुलींसाठी बाल्फर प्रयोगशाळा वेगळी काढावी लागली. ती तीसेक वर्षं चालली.

मग आलं 1890. न्यूनमच्या फिलिपा फॉसेट. यांच्या घराण्याची ओळख भारतालाही आहे. वडील हेन्री फॉसेट केंब्रिजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी शिकारीत गोळी लागून दृष्टी गेली तरी पार्लमेंटमध्ये गेले, आणि तिथे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल इतक्या चिकाटीने प्रश्न विचारत राहिले की त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणत. आई मिलिसंट फॉसेट, बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या पुढारी. न्यूनमची कल्पना ज्या बैठकांत शिजली त्यांतली एक याच घराच्या दिवाणखान्यात झाली होती, तेव्हा फिलिपा रांगण्याच्या वयाची होती.

7 जून 1890 रोजी सिनेट हाउसमध्ये आधी मुलांची यादी वाचली. सीनिअर रँग्लर, सेंट जॉन्स कॉलेजचे जी. टी. बेनेट. नंतर बायकांची यादी. फिलिपा फॉसेटचं नाव घेऊन वाचणाऱ्याने क्रम सांगितला: ‘सीनिअर रँग्लरच्या वर.’ त्या बेनेट यांच्यापेक्षा तब्बल 13 टक्क्यांनी पुढे होत्या. बायकांना गणित झेपत नाही हा युक्तिवाद त्या दिवशी तिथेच आटोपला. पण सीनिअर रँग्लर हा किताब बेनेट यांच्याकडेच राहिला, आणि फॉसेटबाई पदवीशिवायच घरी गेल्या.

1897: खास आगगाड्या आणि सायकलवरची बाहुली

1897 मध्ये बायकांच्या बाजूच्या लोकांनी पदवीचा मुद्दा अगदी मवाळ करून मांडला. सभासदत्व नको, मत नको, फक्त नावापुढे बीए लावायची परवानगी द्या, तेवढा कागद द्या. म्हणजे ज्या गोष्टीची भीती होती तीच वगळून मागणी केली होती. विरोधकांना हा डाव वाटला. आज बोट द्याल, उद्या हात जाईल. एका गटाने तोडगा सुचवला की बायकांसाठी स्वतंत्र विद्यापीठच काढा, म्हणजे कटकट मिटली.

विरोधकांत अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलही होते. मेरी पेलींचे नवरे ते हेच. बायको न्यूनमच्या पहिल्या तुकडीतली, तिथेच शिकवणारी, दोघांनी मिळून अर्थशास्त्राचं पुस्तक लिहिलेलं, आणि नवरा बायकांच्या पदवीच्या विरोधात. माणसाच्या डोक्यात असे दोन कप्पे शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात याचा यापेक्षा स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

मतदानाचा दिवस 21 मे. मत द्यायला स्वतः हजर राहावं लागे, म्हणून लंडनहून खास गाड्या सोडल्या. गावोगावचे एमए, विशेषतः पाद्री मंडळी, काळे झगे घालून आली. सिनेट हाउससमोर मॅकमिलनच्या पुस्तकांच्या दुकानाच्या वरून मुलांनी एक बाहुली टांगली होती: सायकलवर बसलेली, ब्लाउज आणि ढगळ विजार घातलेली शिकलेली बाई. सायकल चालवणारी बाई हे त्या काळात ‘हाताबाहेर गेलेली बाई’ याचं चिन्हच होतं. गर्दीत फटाके फुटत होते, अंडी उडत होती.

निकाल: बाजूने सुमारे 660, विरोधात सुमारे 1,700. निकाल कळताच मुलांनी बाहुली खाली ओढली, तिचं मुंडकं उडवलं, चिंध्या केल्या आणि ते अवशेष न्यूनमच्या फाटकातून आत कोंबले. आत मुली होत्या. सतरा वर्षांपूर्वी ‘गर्टनची स्कॉट’ म्हणून टोप्या उडवणारी मुलं आणि ही मुलं यांत फरक पिढीचा नव्हता. तेव्हा एका हुशार मुलीचं कौतुक करायचं होतं. आता हिश्शाचा प्रश्न आला होता.

दोनच वर्षांनी, 1899 मध्ये, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले, दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून. एका हिंदी माणसाला, परक्या अमलाखालच्या देशातल्या, मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातून आलेल्या मुलाला तो मान मिळाला, तो रीतसर सेंट जॉन्सचा फेलो, म्हणजे कॉलेजच्या कारभारी मंडळींतला एक, झाला. पुरुष असला की केंब्रिजला वसाहतीतला माणूसही चालत होता. हे परांजप्यांचं यश कमी करायला सांगत नाही. भिंत नेमकी कुठे होती ते यावरून कळतं.

बोटीने डब्लिन, पोस्टाने पदवी

दारात उभं राहून कंटाळलेल्या बायकांना काही काळ एक आडवाट सापडली. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज यांच्यात जुना रिवाज होता की एकाचे पदवीधर दुसऱ्याकडून तीच पदवी घेऊ शकतात. ट्रिनिटीने 1904 मध्ये बायकांना पदव्या खुल्या केल्या आणि 1907 पर्यंत हा रिवाज ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बायकांनाही लावला. सातशेच्या वर बायका बोटीत बसून आयर्लंडला गेल्या, भाड्याचा झगा चढवून पदवी घेतली आणि परत आल्या. त्यांना ‘स्टीमबोट लेडीज’ असं नाव पडलं. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळांच्या मुख्याध्यापिका वगैरे होत्या. पदवीचा कागद नसल्याने त्यांची नोकरीत अडचण होत होती, हौस नव्हती ती.

ऑक्सफर्डने 1920 मध्ये बायकांना पदवी आणि सभासदत्व दोन्ही दिलं. 1892 मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना पदवी मिळाली 1922 मध्ये, तीस वर्षांनी. आता केंब्रिज एकटं उरलं.

ऑक्टोबर 1921 मध्ये पुन्हा मतदान झालं. सभासदत्वाचा प्रस्ताव पुन्हा पडला. मंजूर झाली ती नुसती नावाची पदवी, म्हणजे 1897 मध्ये मागितली होती तीच, चोवीस वर्षं उशिरा. तरीही मुलांचा एक जमाव न्यूनमवर चालून गेला आणि हातगाडीची धडक मारून अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेल्या ब्राँझच्या फाटकाचा खालचा भाग फोडला. मतदान जिंकूनही तोडफोड का, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. एमिली डेव्हिस त्याच वर्षी जुलैमध्ये, मतदानाच्या तीन महिने आधी, वारल्या होत्या.

या नावापुरत्या पदवीचा व्यवहार असा: पदवीदान समारंभ नाही, सिनेट हाउसमध्ये पाऊल नाही, पदवीचा कागद पोस्टाने घरी. बायकांच्या एकूण संख्येवर 500 ची मर्यादा. याच काळात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे न्यूनममध्ये गणित शिकल्या. संततिनियमनाच्या कामामुळे आणि पुढे राज्यसभेतल्या कारकिर्दीमुळे त्या आपल्याला माहीत आहेत. वडील सीनिअर रँग्लर आणि फेलो. मुलगी त्याच विद्यापीठात, त्याच विषयात, पण तिच्या पिढीच्या नशिबी पोस्टाची पदवी. डीएनएच्या रचनेच्या शोधात जिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा होता ती रोझलिंड फ्रँकलिनही 1941 मध्ये न्यूनममधून बाहेर पडली ती अशीच.

सगळ्यात विचित्र प्रसंग 1939 चा. पुरातत्त्वशास्त्रज्ञ डोरोथी गॅरोड यांची केंब्रिजमध्ये प्राध्यापक म्हणून निवड झाली, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या इतिहासातल्या पहिल्या बाई प्राध्यापक. म्हणजे बाई विद्यापीठात प्राध्यापक, पण विद्यापीठाच्या सभासद नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा पुढे मतदार होणार, बाई नाहीत.

विरोधाशिवाय

6 डिसेंबर 1947 रोजी पूर्ण सभासदत्वाचा ठराव आला आणि कुणीही विरोध न करता मंजूर झाला. ना गाड्या, ना बाहुल्या. दोन महायुद्धं होऊन गेली होती, ब्रिटनमधलं प्रत्येक विद्यापीठ पुढे गेलं होतं, हे खरं. पण एक कारण कारभारातलं आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. 1926 मध्ये केंब्रिजची घटनाच बदलली. बहुतेक अधिकार गावोगावच्या एमएंच्या सिनेटकडून काढून रीजंट हाउसकडे, म्हणजे प्रत्यक्ष केंब्रिजात शिकवणाऱ्या आणि कारभार पाहणाऱ्यांकडे दिले गेले. ज्या मतदारांनी 1897 साली गाड्या भरून येऊन ठराव पाडला होता, त्यांच्या हातातलं शस्त्रच गेलं. बायकांना मत दिल्याने जे बुडेल अशी भीती होती, त्यातलं बरंचसं आधीच दुसरीकडे गेलं होतं. तरीही पुढची वीस वर्षं लागली.

एप्रिल 1948 मध्ये राजाची मान्यता मिळाली. फिलिपा फॉसेट त्याच वर्षी 10 जूनला वारल्या, ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ आल्यानंतर 58 वर्षांनी. ऑक्टोबरमध्ये केंब्रिजने पहिल्यांदा एका बाईला पूर्ण पदवी दिली. ती बाई म्हणजे राणी एलिझाबेथ, सहाव्या जॉर्जची पत्नी. पदवी मानद. दोन-तीन पिढ्या झगडलेल्या गणितज्ञ, इतिहासकार, शास्त्रज्ञ बायका असताना पहिला मान गेला तो तिथली कुठलीच परीक्षा न दिलेल्या राणीला. समारंभाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. मला ते पाहून हसू येतं.

आणि 1948 ने सुद्धा दार सताड उघडलं नाही. सभासदत्व मिळालं, पण प्रवेश देतं कॉलेज, आणि मुलींची कॉलेजं दोनच. 1954 मध्ये न्यू हॉल हे तिसरं सुरू झालं, 16 विद्यार्थिनींनिशी. मुलांच्या कॉलेजांनी मुली घ्यायला सुरुवात केली 1972 मध्ये: चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज. शेवटचं होतं मॉडलिन, 1988 मध्ये. तिथे पहिल्या मुली आल्या तेव्हा काही विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि कॉलेजचा झेंडा अर्ध्यावर उतरवला.

स्मरण कशाचं?

आता त्या दोन समारंभांकडे वळू. 1998 च्या समारंभात 1948 पूर्वी केंब्रिजात शिकलेल्या सुमारे 900 बायकांना सिनेट हाउसमध्ये बोलावलं होतं. बहुतेकींची सत्तरी उलटलेली. ज्या वास्तूत त्यांचा पदवीदान समारंभ झालाच नाही, तिथे त्यांचा गौरव झाला. विद्यापीठ इथे ‘आम्ही दिलं’ म्हणत असलं तरी ‘आम्ही दिलं नव्हतं’ हेही कबूल करत होतं, कारण पाहुण्याच तशा निवडल्या होत्या.

2019 चा दीडशेवा वाढदिवस मुळात गर्टनचा. विद्यापीठाने त्यात सामील होऊन ग्रंथालयात मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यात विरोधाचा इतिहासही मांडला, लपवला नाही. हे चांगलंच झालं. तरी 1869 ही तारीख विद्यापीठाच्या खात्यावर मांडायला माझी थोडी हरकत आहे. त्या साली विद्यापीठाने काहीच केलं नव्हतं. एमिली डेव्हिस यांनी पंचवीस मैलांवर घर भाड्याने घेतलं होतं. ज्याने दार लावून घेतलं त्याने, बाहेर रांग लागली त्या दिवसापासून आपलं आदरातिथ्य मोजावं, असा तो प्रकार होतो. विद्यापीठाने स्वतः केलेल्या गोष्टी म्हणजे 1881 चा ठराव आणि 1947 चा ठराव. पैकी पहिल्याचा वाढदिवस फारसा कुणी करत नाही, कदाचित तो साजरा करायला गेलं की पुढची 66 वर्षं काय केलं हे सांगावं लागतं म्हणून.

2022 मध्ये चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज यांनी आपापली पन्नाशी साजरी केली. मॉडलिनची पन्नाशी 2038 मध्ये येईल. काळ्या फिती बांधलेले विद्यार्थी तेव्हा सत्तरीच्या घरात असतील, आणि माजी विद्यार्थी म्हणून त्यांनाही निमंत्रण जाईलच.